म्हाताऱ्या सोबत्याबरोबर कृष्णाकाठी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या ऋतूत राजकारण, अर्थकारण, समाजसुधारणा अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकण्याची मराठी माणसाला सवय झाली आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय आपणांस किरकोळ वाटेल. वसंतात नदीच्या खोऱ्यातून केलेली साधी पायपीट, आणि सोबतीला म्हातारा कुत्रा, एवढाच तो आहे. परंतु ज्याला आपल्या वेगाने चालता येत नाही त्याच्याबरोबर कसे चालावे, हा प्रश्न काही किरकोळ नव्हे. तो घरोघरीचा आहे.

वाईहून मेणवलीला जाणारी वाट आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. अंतर जेमतेम ३ किलोमीटर. एका अंगाला कृष्णामाई, आणि नजर वर केली की पांडवगड. फाल्गुन सरत आला की या खोऱ्याचे रूप पालटते. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे आधी पाने गाळतात आणि मग फुलतात. त्यामुळे उघड्या फांद्यांवर नुसती फुलेच दिसतात. कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, करंज हिरवागार होतो. आंब्याचा मोहोर झडून बारीक कैऱ्या धरू लागतात. शेतांत गव्हाची कापणी चाललेली असते, हळदीचे शिजवण कुठे उरकलेले तर कुठे चालू असते. तांबट पक्षी एका लयीत ‘टुक टुक’ करीत असतो. तरुण माणूस ही वाट पाऊण तासात संपवतो. आम्हांला हल्ली दोन तास लागतात, कारण आमच्या मोत्याला तेरावे वर्ष सरत आले आहे.

मोत्या गावठी जातीचा. एके काळी पांडवगडाच्या चढणीवर तो आमच्या पुढे पळे आणि वळणावर थांबून आमची कीव करी. आता चढ त्याच्या खुब्यांना सोसत नाही, म्हणून आम्ही गड सोडला आणि खोरे धरले. कुत्र्याचे म्हातारपण कसे येते, हे थोडे सांगितले पाहिजे. थोराड जातींचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच उतारवयाला लागतात. लहान चणीचे त्यामानाने पुष्कळ जगतात. सांधे आखडतात, सकाळी उठताना मागचे पाय लटपटतात. डोळ्यांत निळसर धुरकट झाक येते; पाहणारा तिला मोतीबिंदू समजतो, पण पुष्कळदा ते भिंगाचे वयपरत्वे घट्ट होणे असते आणि जनावराला बऱ्यापैकी दिसत असते. कानही मंदावतात. मोत्याला आमची शीळ ऐकू येत नाही. पण जमिनीवर पाय आपटला तर तो मान वळवतो. नाक मात्र शेवटपर्यंत साथ देते. म्हणून अशा कुत्र्याची पायपीट ही मुख्यतः नाकाची यात्रा असते. एका बांधावर तो पाच पाच मिनिटे उभा राहतो. रात्री तिथून कोण गेले, मुंगूस की कोल्हा, याची बातमी तो वाचीत असतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला आपण ओढून नेत नाही. मग यालाच का ओढावे?

सांधे दुखतात म्हणून त्याला निजवूनच ठेवावे, असे पुष्कळांना वाटते. जनावरांचे डॉक्टर मात्र सांगतात की, आठवड्यातून एकदा लांब चालण्यापेक्षा रोज थोडे थोडे चालणे बरे. बसून राहिले की स्नायू झिजतात आणि सांध्यांवरचा भार वाढतो. पण वसंतातल्या चालण्याला पथ्ये आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य उपाय. म्हाताऱ्याला तोही पुरेसा पडत नाही. म्हणून दिवस उगवता निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी असावे. डांबरी सडकेवर हाताचा मागचा पंजा टेकून पाहावा. चार-सहा सेकंद तो टेकवत नसेल तर तिथे कुत्र्याचे तळवेही भाजतात. पाणी आणि वाटी बरोबर असावी. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळे पाहावीत, गोचिड्या काढाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो थकण्याच्या आधी माघारी वळावे, कारण परतीची वाट तेवढीच लांब असते आणि थकलेल्याला ती दुप्पट होते.

मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे आणि त्याच्यामागे कृष्णेचा देखणा घाट. तेथील देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा १७३९ सालच्या वसईच्या विजयाची आठवण करून देते. घाटाच्या पायऱ्या मोत्याला आता उतरवत नाहीत. आमच्यापैकी एकजण त्याच्यापाशी वर बसतो, दुसरा खाली जाऊन वाटीतून कृष्णेचे पाणी आणतो. धोमपर्यंत जाण्याचा मोह दर खेपेस होतो. तिथले नृसिंहाचे देऊळ आणि कमळातला नंदी पाहण्याजोगे आहेत. पण ते दर्शन आम्ही दुसऱ्या दिवशी, मोत्याला घरी ठेवून घेतो.

याच कृष्णेच्या काठाने खाली गेले की साताऱ्याजवळ वेण्णेच्या संगमावर माहुली लागते. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, अशी कथा सांगतात. ऐन उमेदीत पराक्रम करणाऱ्याचे ऋण फेडणे सोपे असते. ज्याने पराक्रम केला नाही, नुसती तेरा वर्षे दारात बसून सोबत केली, त्याचे ऋण कसे फेडायचे?

हा प्रश्न फार जुना आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे पिल्लू आहे. त्या पिल्लाच्या दातांवरून संशोधकांनी अनुमान काढले की, त्याला मोठा आजार होऊन गेला होता आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून ते इतके दिवस जगले नसते. आजारी पिल्लू शिकारीच्या उपयोगाचे नव्हते; तरी त्या भटक्या माणसांनी त्याला सांभाळले. शेती नव्हती, गाव नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आमच्या भाषेने मात्र कुत्र्याला बरे वागवलेले नाही. ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ म्हणजे वाईटात वाईट मरण. उलट आमच्याच परंपरेत खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताभोवती चार कुत्रे आहेत, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही आहेत. महाप्रस्थानाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. स्वर्गाच्या दारी इंद्र धर्मराजाला म्हणतो, भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडलेस, मग या कुत्र्याला का सोडत नाहीस? धर्माचे उत्तर असे की, ते मृत झाले होते, त्यांना उठवणे आपल्या हाती नव्हते. जिवंतपणी आपण त्यांना टाकले नाही. हा कुत्रा जिवंत आहे आणि भक्त आहे, म्हणून त्याचा त्याग होणार नाही.

या कथेत आम्हांला एक गोष्ट नेहमी खुणावते. तो कुत्रा हिमालयाच्या चढावर धर्मराजाच्या बरोबरीने चालत होता. तो मागे पडला असता तर? धर्मराज थांबला असता काय? महाभारताने ही परीक्षा घेतलेली नाही. ती आपल्यासाठी राखून ठेवली आहे, असे आम्हांस वाटते.

ही परीक्षा केवळ कल्पनेतली नव्हे. ‘आता याचे काय करायचे? लांबच्या बाजारात सोडून या, कोणी तरी भाकरी टाकील,’ हा सल्ला हितचिंतकांनी आम्हांला एकापेक्षा अधिक वेळा दिला आहे. घरात वाढलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला बाजारात तुकडा मिळत नाही. तिथली तरुण कुत्री त्याला उभे राहू देत नाहीत. कुत्रा पाळणे म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याची जबाबदारी पत्करणे होय. त्यात रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून शेजाऱ्यांची काळजी घेणे आले, आणि शेवटची दोन-तीन वर्षेही आली.

तो शेवट केव्हा आला हे कसे ओळखावे, असे आम्हांला विचारतात. जनावर आपण होऊन उठते का, अन्नाकडे वळते का, दाराशी चपला वाजल्या की शेपूट हलवते का, हे रोज पाहावे. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी येऊ लागली आणि वेदना औषधांना दाद देईनाशा झाल्या, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे आणि तो निर्णय आपल्या सोयीसाठी लवकरही घेऊ नये, आपल्या दुःखापायी लांबवूही नये. मोत्याची शेपूट अजून हलते. पुढच्या वसंतात हलेल की नाही, सांगता येत नाही.

श्रोतेहो, म्हाताऱ्याच्या चालीने चालल्यामुळे आमचे काही गेले नाही. पाऊण तासाच्या वाटेवर तांबट कोणत्या झाडावर बसतो हे आम्हांला माहीत नव्हते. दोन तासांच्या वाटेवर ते कळले. आपल्याही घरी कोणी मागे पडत असेल, चार पायांचा वा दोन पायांचा. येत्या रविवारी ऊन चढण्यापूर्वी त्याला बरोबर घ्यावे आणि वेग त्याला ठरवू द्यावा, एवढी विनंती आहे.