सही कोणाची?



यवतमाळात साहित्याच्या व्यासपीठावर उभं राहिलं की दोन संमेलनं आठवल्यावाचून राहत नाहीत. १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. दुसरं जानेवारी २०१९ चं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. संमेलन तोंडावर आलं असताना ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईंनी मराठी संमेलनाचं उद्घाटन का करावं, असा विरोधकांचा सवाल होता. गोंधळ होईल, ही भीती पुढे केली गेली. सहगल यांचे वडील रणजित पंडित मूळचे कोकणातले. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्यांनी संस्कृतातून इंग्रजीत आणली होती. त्यांच्या लेकीला यवतमाळात बोलता आलं नाही. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या बाईंनी त्या मंचाची लाज राखली, असं मी आजही मानते.

पण मला सांगायचं आहे ते न झालेल्या भाषणाबद्दल. ते भाषण मी फोनवर वाचलं. सकाळी बार रूममध्ये एका सहकाऱ्याने पाठवलं, दुपारी भाचीने, संध्याकाळी एका शिक्षक मित्राने, तेही मराठी अनुवादात. मांडवात जेवढी माणसं बसली असती त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचलं. इंटरनेटचे उपकार मी त्या दिवशी मनापासून मानले. त्याच आठवड्यात एका काव्यसमूहात माझी स्वतःची कविता माझ्यापर्यंत आली, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन. चार ओळी गाळलेल्या आणि एक शब्द बदललेला. तो बदललेला शब्द मला अजून सलतो.

या दोन अनुभवांमध्ये मी गेली काही वर्षं घुटमळते आहे. तीस वर्षं वकिली केल्यामुळे असेल, पण माझी नजर प्रत्येक कागदावर आधी खाली जाते. सही कोणाची आहे, हे मी पहिल्यांदा बघते. आजचं माझं म्हणणं तेवढंच आहे. लिहिणाऱ्याची सही त्याच्या लिखाणाखाली राहिली पाहिजे, आणि जो कोणी ते लिखाण काढून टाकतो, थांबवतो, त्यावर गुन्हा नोंदवतो, त्याचीही सही त्याच्या कृतीखाली दिसली पाहिजे.

आधी आपल्या घरातलं बोलू. कॉपीराइट हा शब्द निघाला की आपल्यातले बरेच जण तो प्रकाशकांचा विषय समजतात. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचं साहित्य मुक्त व्हायची वेळ आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती वाढवली. म्हणजे डिसेंबर १९७७ मध्ये गेलेल्या गदिमांच्या शब्दांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. ज्या गावाने त्यांना अध्यक्षपदाचा मान दिला, त्या गावातल्या समूहांत त्यांची गीतं रोज फिरतात, बऱ्याचदा नावाशिवाय. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती निघते आणि ती संपायला वर्षं लागतात. अशा पुस्तकाची पीडीएफ कुणीतरी ‘वाचनसंस्कृती वाढावी म्हणून’ टाकतो, तेव्हा त्या लेखकाच्या दुसऱ्या आवृत्तीवर आपण पाणी सोडतो. एखाद्या आडगावात पुस्तक पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथल्या पोराने पीडीएफ वाचली म्हणून मी त्याच्यावर रागावणार नाही. पण पुस्तक परवडणाऱ्यांनी तरी ते विकत घ्यावं आणि ओळ पुढे पाठवताना कवीचं नाव खोडू नये, एवढं मागायला मला संकोच वाटत नाही.

आता याच कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमचं लिखाण कुणी चोरून एखाद्या संकेतस्थळावर टाकलं, तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम तुम्हाला लेखी तक्रारीचा मार्ग देतो. तक्रारीत तुमचं नाव लागतं, हक्क तुमचा असल्याचा तपशील लागतो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणीन अशी हमी द्यावी लागते. संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर थांबवायचा. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करायची त्याला मोकळीक आहे. चोरी झालेल्या लेखकालाही कायदा सांगतो, की बाई, तू सही कर, मुदतीत कोर्टात जा, तोवरच हे थांबेल.

सरकारला मात्र हा नियम नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली केंद्र सरकार मजकूर रोखू शकतं. त्यासाठीच्या २००९ च्या नियमांत १६ वा नियम आहे, तो सांगतो की अशा तक्रारी आणि त्यांवरची कारवाई काटेकोरपणे गोपनीय ठेवावी. आदेश कारणांसह लेखी असला पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, म्हणूनच ते कलम टिकलं. पण लेखी आदेश कपाटात राहिला आणि ज्याचं लिखाण गेलं त्याच्या हाती पडला नाही, तर त्याने दाद कशाविरुद्ध मागायची? चार ओळींची कविता परत मागणाऱ्या कवयित्रीला सही आणि २१ दिवसांची मुदत. आणि अवघ्या देशाला दिसणारा मजकूर पुसणाऱ्याला गुप्तता. हे उलटं आहे. मुदतीचं आणि सहीचं ओझं ज्याच्या हाती जास्त बळ त्याच्यावर जास्त पडायला हवं.

नियंत्रणच नको, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनांतून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं होती. असे समाज आपल्या दारव्हा, दिग्रस, पुसदच्या रस्त्यांवरही पालं टाकून राहतात. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा मला योग्य वाटली. तिने कुणाचा विचार पुसला नाही, कुणाला तुरुंगात घातलं नाही. अफवेचा वेग तेवढा कमी केला. नियमन असं करता येतं.

आणि कसं करू नये, ते पालघरने दाखवलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. एका मुलीने त्याबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे लोकांचा संताप एवढा झाला की ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि एक निरीक्षक निलंबित झाले. याच घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम रद्द केलं. पण रद्द झालेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर तीव्र धक्का बसल्याचं बोलून दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कुणावरही या कलमाखाली खटला चालवू नका, असं पुन्हा सांगावं लागलं. मेलेलं कलम सात वर्षं ठाण्यांत जिवंत होतं. त्या प्रत्येक नोंदीखाली कुणाची तरी सही आहे, आणि त्या सहीबद्दल फारच थोड्यांना जाब द्यावा लागला.

आपल्या नागपूर खंडपीठाने या बाबतीत दोन निकाल दिले आहेत. विदर्भातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला ते माहीत असावेत. पहिला गोंदियाचा. समूहातल्या एका सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून समूह चालवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला होता. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुराबद्दल समूहप्रमुखाला जबाबदार धरता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात कवितेचे, कापूस भावाचे, शाळामास्तरांचे किती समूह आहेत! ते चालवणाऱ्यांना या निकालाचा केवढा आधार आहे.

दुसरा निकाल शेजारच्या वर्ध्याचा. तो मला अधिक जवळचा वाटतो. शेजाऱ्याशी वाद झाला म्हणून एक गृहस्थ २०१८ मध्ये पोलीस ठाण्यात गेले होते. ठाण्यात चाललेलं बोलणं त्यांनी फोनवर चित्रित केलं, असा आरोप ठेवून त्यांच्यावर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. हा १९२३ चा कायदा, हेरगिरीसाठी केलेला. जुलै २०२२ मध्ये खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध स्थळा’च्या व्याख्येत पोलीस ठाणं बसत नाही, असं न्यायालयाने स्वच्छ म्हटलं. ठाणं हे गुपिताचं स्थळ नाही. तिथे आपण तक्रार घेऊन जातो, बयाण देतो, कधी कधी रडतो. ती जागा लोकांची आहे.

आणखी दोन गोष्टी कायद्याने आपल्या हाती दिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे सोडून, प्रत्येक प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवा. जिथे जोडणी नीट नाही तिथे ४८, फार तर ७२ तास. झरी-जामणीला रेंज जाते हे न्यायालयाने जणू ध्यानात घेतलं आहे. दुसरी, त्याच न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश. प्रत्येक ठाण्यात आवाज नोंदवणारे कॅमेरे हवेत, चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायला हवं, आणि कॅमेरे असल्याची सूचना लोकांच्या भाषेत भिंतीवर लावायला हवी. पुढच्या वेळी ठाण्यात गेलात तर ती सूचना शोधा. नसेल, तर ठाणेदारांना आदराने विचारा. रात्रपाळी करून दमलेल्या, सणावाराला घर न पाहिलेल्या शिपायाविषयी मला आपुलकी आहे. प्रामाणिक पोलिसालाही तो कॅमेरा खोट्या आरोपातून सोडवतो.

लेखकाचा हक्क, इंटरनेटचा नियम आणि पोलिसांची जबाबदारी हे तीन विषय वेगळे वाटत असतील, तर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात काय झालं ते ऐका. पोलिसांचं काम चित्रित करणाऱ्या नागरिकांसमोर काही पोलिसांनी फोनवर प्रसिद्ध गाणी लावायला सुरुवात केली. ओकलंडमध्ये एका अधिकाऱ्याने टेलर स्विफ्टचं गाणं लावलं आणि उघडच सांगितलं, की आता हे यूट्यूबवर टाकता येणार नाही. गाण्याचा कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा ते चित्रण आपोआप उडवील, हा हिशेब. कलावंताच्या संरक्षणासाठी केलेली तरतूद नागरिकाचे डोळे झाकायला वापरली गेली, आणि ते गाणं लिहिणाऱ्या बाईला कुणी विचारलंही नाही. आपल्याकडे तर कॉपीराइटभंगाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलं आहे. उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटाशिवाय प्रती जप्त करू शकतो. आपलं रक्षण म्हणून मागितलेली काठी कुणाच्या पाठीवर पडते, इकडे लेखकांनीच लक्ष ठेवायला हवं. माझ्या कवितेच्या चोरासाठीही मला हातकडी नको. माझं नाव परत हवं, आणि तो शब्द.

या जिल्ह्याला सही करून उभं राहण्याची परंपरा आहे. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं, ते आधी जाहीर करून, दिवसाउजेडी, लोकांसमोर. कायदा मोडणारा वकील नाव लावून पुढे आला आणि सरकारलाही त्यांना नाव लावूनच अटक करावी लागली.

म्हणून एक ठराव मांडते. २०१९ मध्ये या गावात न झालेलं भाषण याच गावात वाचलं जावं. त्या भाषणावरचा हक्क नयनतारा सहगल यांचा आहे, तेव्हा पहिलं पत्र त्यांना, परवानगी मागणारं, मराठी अनुवादकाच्या नावासह. दुसरं पत्र जिल्हा पोलीस अधीक्षकांना, बंदोबस्तासाठी. विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असं एस. रंगराजन खटल्यात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. त्याचा उल्लेख पत्रात आहे. उत्तर लेखी मागितलं आहे. विरोध करणाऱ्यांसाठी पहिल्या रांगेतल्या दहा खुर्च्या राखून ठेवू आणि वाचन झाल्यावर त्यांचं म्हणणं ऐकू. दोन्ही पत्रांचे मसुदे मी सोबत आणले आहेत. मांडवाच्या दाराशी टेबलावर ठेवते. खाली पहिली सही मी केली आहे.