भांगेच्या झाडाचे पोषण आणि त्याचा अर्क
(ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



सरकारी सभेत भांगेवर व्याख्यान हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु ‘भांग लावा, तेल काढा, लाखो मिळवा’ असे सांगणारे लोक हल्ली भेटू लागले आहेत. त्यांच्या नादी लागून कुणाचे घर उद्ध्वस्त होऊ नये, म्हणून हा विषय घेतला. येथे भांग म्हणजे ताग किंवा अंबाडी नव्हे, हेही प्रथमच सांगून ठेवतो.

१९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यानुसार परवानगीशिवाय भांगेची लागवड हा गुन्हा आहे. धागा किंवा बी यांसाठी सरकार अटी घालून परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ साली तसे परवाने देण्यास सुरुवात केली. तेथे झाडातील टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही. हे प्रमाण मुख्यतः बियाण्याच्या जातीवर ठरते. अनोळखी माणसाकडून आणलेले बी पेरले, तर खताची कितीही कसरत करून ते मर्यादेत राहील याची शाश्वती नाही.

आता खतांकडे वळू. नत्र दिले की झाड हिरवेगार होते, आणि अधिक दिले की माजते. धाग्यासाठी लावलेले दाट पीक मग आडवे होते आणि धाग्याचा कस उतरतो. आपला समज असा की झाड जोमदार तर अर्कही जोमदार. इस्रायलमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटेच दिसले. नत्राचा पुरवठा वाढवीत नेला, तसे औषधी भांगेच्या फुलांतील मुख्य द्रव्यांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. या द्रव्यांत नत्र नसते, ती कर्बाची बनलेली असतात. नत्र मुबलक असले की झाड आपला कर्ब वाढीकडे वळविते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र नत्राची उपासमार केली तर फुलेच थोडी येतात. तेव्हा त्यातही लाभ नाही.

याहून गंभीर गोष्ट जमिनीची आहे. हे झाड मातीतील जड धातू शोषून घेते. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर दूषित माती शुद्ध करण्यासाठी याच झाडाची चाचणी घेतली गेली, ती या गुणामुळेच. काही स्फुरदयुक्त खतांत कॅडमियमचा अंश असतो. गटाराचे पाणी, कारखान्याचा गाळ यांतूनही शिसे येते. झाड निरोगी दिसते. पुढे मद्यार्काने किंवा दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने अर्क काढताना औषधी द्रव्याबरोबर नको ते अंशही उतरू शकतात, आणि कीटकनाशकाचा अंश तर अर्कात दाटतो. शेतातील चूक गाळणीने निघत नाही. म्हणून औषधी उपयोगासाठी अर्काची धातूंसंबंधी तपासणी आवश्यक ठरते.

बियांची गोष्ट निराळी. बियांत सुमारे ३० टक्के तेल असते आणि ते न तापविता दाबून निघते. कुमाऊँमध्ये भांगेच्या बियांची चटणी पूर्वापार खाल्ली जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली बी, तेल व पीठ यांना अटींसह अन्न म्हणून मान्यता दिली. बीमध्ये मादक द्रव्य जवळजवळ नसते. तेलात ते आढळले, तर बहुधा फुलोऱ्याची राळ बियांच्या टरफलाला चिकटलेली असते. म्हणून घाण्यात घालण्यापूर्वी बी नीट पाखडून स्वच्छ करावे लागते.