माणूस एक, मोजमापे अनेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मेंदूच्या प्रतिमा आणि संख्याशास्त्र हा विषय उत्सवाच्या मांडवात रुक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्या माणसास अर्धांगवायूचा झटका येतो आणि ‘या उपचाराने मेंदू सुधारतो’ असे कोणी आकडे दाखवून सांगतो, तेव्हा ते आकडे कसे जुळविले हा प्रश्न आपल्या घरचाच होतो.

१९९० च्या सुमारास सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचे कार्य चुंबकीय यंत्राने टिपण्याची वाट दाखविली. पुढे एकाच माणसाची तपासणी उपचारापूर्वी, महिन्याने, सहा महिन्यांनी अशी वारंवार होऊ लागली. वीस रुग्णांच्या तीन-तीन तपासण्या केल्या की साठ प्रतिमा हाती येतात. पण म्हणून माणसे साठ होत नाहीत.

ग्वारीघाट आणि तिलवाराघाट येथे नर्मदेची पातळी दहा दहा दिवस मोजली, तर नोंदी वीस होतील, घाट मात्र दोनच राहतील. कालचे पाणी आजच्या पाण्याची बातमी आधीच सांगून गेलेले असते. साठ प्रतिमांना साठ स्वतंत्र साक्षीदार मानणे म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा पिंजऱ्यात उभे करून तीन साक्षी झाल्या असे म्हणणे होय.

विसराळूपणाची हानी उलट बाजूनेही होते. समजा, तिघांची मापे आधी १०, १४, १८ होती आणि नंतर १२, १६, २० झाली. प्रत्येकात वाढ नेमकी दोनाची आहे. पण कोणते माप कोणाचे हे पुसून टाकले, तर माणसामाणसांतील मोठ्या अंतरात ही वाढ बुडून जाते.

म्हणून प्रतिमान मांडताना प्रत्येक माणसास त्याची स्वतःची मूळ पातळी द्यावी लागते. दोन गटांच्या सरासरीतील फरक माणसामाणसांतील अंतराच्या तुलनेत तोलावा. कालानुसार झालेला बदल त्याच माणसाच्या चढउताराच्या तुलनेत. आणि खरा प्रश्न, उपचार घेतलेल्यांत बदल अधिक झाला काय, हा गट आणि काळ यांच्या परस्परक्रियेचा असतो.

ही विद्या शेतातून आली. मोठ्या वाफ्यास पाण्याची पाळी आणि त्यातील लहान तुकड्यांत निरनिराळे वाण, अशी विभाजित वाफ्यांची रचना आपल्या जबलपूरच्या १९६४ साली स्थापन झालेल्या कृषि विश्वविद्यालयातील विद्यार्थ्यांस परिचित असते. तेथे मोठा वाफा, येथे माणूस. भेद एवढाच की वाण चिठ्ठ्या टाकून वाटता येतात. सहावा महिना पहिल्याच्या आधी आणता येत नाही. म्हणून जवळच्या तपासण्या दूरच्यांपेक्षा एकमेकींशी अधिक जुळतात, हेही प्रतिमानात मांडावे लागते.

या विचाराचे मोल ओळखणारा एक संख्याशास्त्रज्ञ आपल्यातलाच होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी सांगितले की, निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होतो. एका मोजमापावरून त्यास कुपोषित ठरवू नये. त्यांच्या निष्कर्षांस वि. म. दांडेकरांनी कडाडून विरोध केला, कारण त्या हिशेबाने खरे भुकेलेही मोजणीतून गळण्याचे भय होते. एकाच माणसातील चढउतार किती मानावा, यावर कोट्यवधींच्या ताटाचा प्रश्न अवलंबून होता.

जाता जाता एकच सावधगिरी. अधिक आजारी रुग्ण तिसऱ्या तपासणीस येत नाहीत. मग उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसते. आधुनिक मिश्र प्रतिमाने त्यांच्या पहिल्या दोन तपासण्या टाकून देत नाहीत. पण न येण्याचे कारणच त्या न दिसलेल्या प्रकृतीत दडले असेल, तर तीही फसतात. म्हणून कोणी सुधारणेचा आकडा दाखविला की आपण नम्रपणे तीन प्रश्न विचारावे: माणसे किती होती? प्रत्येकास किती वेळा तपासले? आणि शेवटी कोण आले नाही?