शरीर व मन : सातवी-आठवीच्या वर्गातील आरोग्याचा पाठ

(केंद्रातील शिक्षकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या शाळांत आरोग्याचा पाठ बहुधा नखे, दात व केस यांच्या तपासणीने सुरू होतो आणि तेथेच संपतो. स्वच्छतेचे महत्त्व थोडे नाही. परंतु सातवी-आठवीच्या मुलांस एवढे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तीत आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मनाच्या व सामाजिक जीवनाच्या स्वास्थ्याचाही समावेश केलेला आहे. मात्र ही व्याख्या पाठ करवून काही साधणार नाही; तिचा अनुभव द्यावयास हवा.

त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. मुलांस मनगटावरील नाडी शोधण्यास शिकवावे. प्रथम स्वस्थ बसून एक मिनिटाचे ठोके मोजून वहीत लिहावेत. नंतर मैदानाला एक फेरी धावून पुन्हा मोजावेत. आजारी वा उपाशी मुलास मात्र धावावयास लावू नये. पुरेशा विसाव्यानंतर, 'आता कोणासही फळ्यापाशी बोलावून गणित घालीन,' असे सांगून तिसऱ्यांदा ठोके मोजवावेत. कित्येकांचे ठोके बसल्या जागीच वाढलेले आढळतील. धावले कोणीच नाही, मग हृदय का धावले? उत्तर मुलेच देतील. भीतीच्या वेळी ॲड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात मिसळते व हृदयाची गती वाढते, हे शास्त्र त्यानंतर सांगावे. प्रत्यक्षात कोणासही फळ्यापाशी बोलावू नये. संथ, दीर्घ श्वास घ्यावयास लावून नाडी पुन्हा पाहावी.

मनाचा परिणाम शरीरावर होतो, तसाच शरीराचा मनावरही होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींस रक्तक्षय असल्याचे दिसून आले. रक्तक्षयाने थकवा येतो व अभ्यासात चित्त लागत नाही. या वयाच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी. ती न मिळाल्यास चिडचिड वाढते. म्हणून एखाद्या मुलीस 'आळशी' म्हणण्यापूर्वी तिने सकाळी काय खाल्ले, रात्री किती झोप घेतली, आठवड्याची लोहाची गोळी घेतली काय, हे आपुलकीने विचारावे.

तसेच परीक्षेच्या दिवशी ज्याचे पोट दुखते, त्याला ढोंगी ठरवू नये. कारण मनात असले तरी वेदना खरीच असते. उलट, प्रत्येक दुखणे मनाचेच मानून आरोग्य केंद्रात नेण्याचे टाळणेही तितकेच घातक होय.

निदान करणे हे आपले काम नव्हे. परंतु मूल अनेक दिवस उदास राहिले, सवंगड्यांपासून दूर राहू लागले वा जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर ते हसण्यावारी न नेता पालकांस व डॉक्टरांस त्वरित कळवावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक वर्गात लावावा.

जे मूल आपले दुखणे निर्भयपणे गुरुजींस वा बाईंस सांगू शकते, त्यास आरोग्याचा पाठ कळला असे समजावे.