बांडगुळाचे गोत्र
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत हरमल येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून वनस्पतिशास्त्राच्या माणसाने बोलावे, आणि तेही बांडगुळांवर, हे काहींना विचित्र वाटले असेल. निमंत्रण आले तेव्हा मलाही संकोच वाटला. परंतु जे सांगणार आहे ते मुळात जुनी पोथी वाचण्याचेच प्रकरण आहे. तेव्हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

आरंभी एक कबुली देतो. आपल्या किनाऱ्यावर वाळूच्या कडेच्या झुडपांवर हिरवट-पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरलेले दिसते. गावात शिरले की कुंपणावरही तसलेच पिवळे जाळे. दोहींना पाने नाहीत, जमिनीत मूळ नाही, आणि दोहींना आपण अमरवेल म्हणतो. तरुणपणी विद्यार्थ्यांची सहल घेऊन येथे आलो असताना दोन्ही एकच म्हणून मी छातीठोकपणे सांगितले, आणि किनाऱ्यावरचा नमुना चुकीच्या नावाने कागदावर चिकटवला. फुले निरखण्याचा आळस, दुसरे काही नाही. कुंपणावरची ती कुस्कुटा. तिचे इवलेसे फूल पाच पाकळ्यांच्या घंटेसारखे. किनाऱ्यावरची ती कॅसिथा. तिच्या फुलाचे भाग तीन-तीनच्या हिशेबाने. पहिली रताळ्याच्या कुळातली, दुसरी दालचिनीच्या. गंमत अशी की वाळू धरून ठेवणारी आपली मर्यादवेलही रताळ्याच्याच कुळातली. म्हणजे तिच्या उशाशी पसरलेली अमरवेल तिची कोणी लागत नाही, आणि गावातली मात्र तिची भावकी.

येथे फुलांनी जे सुचविले होते, त्यावर जनुकांच्या वाचनाने शिक्कामोर्तब केले. हे वाचन म्हणजे काय? प्रत्येक पेशीत डीएनएची चार अक्षरांत लिहिलेली संहिता असते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होतात आणि नकलेत चुका होतात. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अशाच चुका पारखून. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून सिद्ध केली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते: दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. वनस्पतींच्या वंशावळी आज याच न्यायाने मांडल्या जातात. या हिशेबाने सपुष्प वनस्पतींत परोपजीवन सुमारे बारा वेळा स्वतंत्रपणे उपजले असे दिसते. अशा जाती आज चार हजारांहून अधिक आहेत.

परोपजीवींची पोथी वाचणे मात्र अवघड. एक तर तिची पाने गळालेली असतात. दुसऱ्याच्या ताटात जेवणाऱ्याला स्वयंपाकाची भांडी कशाला हवीत? तंबाखूच्या हरितलवकातील संहिता सुमारे एक लाख छप्पन्न हजार अक्षरांची आहे. अमेरिकेत बीच नावाच्या वृक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या एपिफेगस या वनस्पतीची तीच संहिता १९९२ मध्ये पूर्ण वाचली गेली. ती निघाली जेमतेम सत्तर हजारांची. प्रकाशापासून अन्न बनविण्याची जनुके साफ नाहीशी झाली होती, आणि वंशावळीसाठी अभ्यासक एरवी जी पाने पडताळतात, त्यांतली कित्येक नेमकी हीच.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सुमात्राच्या जंगलातील राफ्लेशिया ही जगातील सर्वांत मोठे फूल देणारी वनस्पती. तिला खोड नाही, पान नाही. द्राक्षाच्या कुळातील एका वेलीच्या आत ती धाग्यांसारखी राहते. तिच्या अवाढव्य फुलावरून कुळ ठरेना. २००४ मध्ये जनुके तपासली तेव्हा बहुतेक साक्षी एकीकडे गेल्या, पण सूत्रकणिकेतील एक जनुक राफ्लेशियाला थेट द्राक्षाच्या कुळात नेऊ लागले. ते जनुक तिचे नव्हतेच; यजमान वेलीकडून आलेले होते! २००७ मध्ये अधिक जनुकांच्या आधारे निकाल लागला तो एरंडाच्या कुळाच्या बाजूने. केवढे ते फूल आणि केवढी एरंडाची फुले! एका पोथीच्या नकलकाराने शेजारच्या पोथीतली ओवी उचलावी, तसा हा प्रकार. म्हणून एकाच जनुकावर भरवसा ठेवून गोत्र सांगू नये, हे या शास्त्राला ठेच लागून कळले. घाटावरचे ज्वारीचे शेतकरी टारफुल्याला ओळखतात. त्याच्या आफ्रिकेतील एका भाईबंदात गवताच्या कुळातून आलेले जनुक २०१० मध्ये सापडले. चोर ओळखावा तर त्याच्या अंगावर घरमालकाचाच अंगरखा!

आता आपल्या बांडगुळाकडे येतो. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचे नाव आपण माणसांना शिवी म्हणून वापरतो, आणि ‘चंदनासारखा झिजला’ हा आपला सर्वोच्च गौरव. जनुकांनी मांडलेल्या वंशावळीत ही दोघे एकाच गणात बसतात. चंदनही अर्धपरोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषक मुळांनी धरतात. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाला तुरीसारख्या रोपाची सोबत देतात. बांडगूळही आपले अन्न हिरव्या पानांत स्वतःच शिजवते, फक्त विहीर शेजाऱ्याची वापरते. अमेरिकेतील डॅनियल निकरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणाच्या जनुकांवर अनेक वर्षे काम केले. त्यातून दिसले ते असे की, या घराण्यात परोपजीवन प्रथम मुळांवर आले, आणि झाडाच्या फांदीवर चढून बसण्याची रीत नंतर, तीही पाच वेगवेगळ्या वेळी. बांडगुळाच्या कुळातला एक आप्त पश्चिम ऑस्ट्रेलियात आजही जमिनीवर पाय रोवून वृक्षासारखा उभा आहे आणि जमिनीखाली शेजाऱ्यांची मुळे धरतो. आपल्या बांडगुळाचे पूर्वज असेच होते.

ते फांदीवर कसे पोचते, हे सलीम अलींनी १९३१ मध्येच कोकणातील निरीक्षणांवरून लिहून ठेवले: शिंजीर फुलांतील रस पिताना परागण करतो, फुलटोच्या फळे गिळतो आणि चिकट बी फांदीवर सोडतो. आपल्या बागायतदारांनी एवढे ध्यानात ठेवावे की नुसती पाने ओरबाडून बांडगूळ जात नाही. लाकडात शिरलेला भाग पुन्हा फुटतो. फळे पिकण्यापूर्वी फांदीचा तो भागच कापावा लागतो.

आमच्या परसातील आंब्यावर माझे वडील हेच करीत. कोयता घेऊन चढत, बांडगुळाला यथेच्छ शिव्या देत उतरत, मग आंघोळ करून देवघरात बसत आणि सहाणेवर त्याच्याच भाऊबंदाचे गंध उगाळीत.