एका वर्षाची अट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळता हाताळता पन्नाशी ओलांडलेला मनुष्य. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु माझी कन्या त्या विषयाची पदवी घेत आहे, आणि बाप म्हणून माझी जी चूक झाली ती आपणांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

बंगळूरचे जुने लोक जिला अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, ती भारतीय विज्ञान संस्था 1909 सालची. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, पुढे सोहोनी, 1933 साली तेथे आल्या. रसायन व पदार्थविज्ञान घेऊन त्या मुंबई विद्यापीठात बी. एस्सी.ला पहिल्या आल्या होत्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संचालक. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर 'एक वर्ष काम पाहू' या अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्ष सरले, रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले. कमलाबाई केंब्रिजला गेल्या व 1939 साली डॉक्टरेट मिळवती झाल्या.

त्याच संस्थेने 2011 साली चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. आरंभी सर्वांना गणित, पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र. पुढे एक मुख्य विषय. आणि अखेरच्या वर्षी स्वतंत्र संशोधन.

माझ्या कन्येने अशाच एका अभ्यासक्रमाला, अन्य ठिकाणी, जायचे म्हटले तेव्हा मीही अट घातली : "एक वर्ष पाहू, नाहीतर अभियांत्रिकी." परमुलखात आपल्याला ना शेत ना वाडा, मुलांची नोकरी हाच आधार, ही माझी भीती.

शेवटच्या वर्षी ती धातूची एक पट्टी द्रव नायट्रोजनने थंड करून तिचा विद्युत-रोध मोजू लागली. तापमान उतरेल तसा रोध उतरावयास हवा. हिचा आलेख मध्येच वर उसळे. "असे का?" मी विचारले. "ठाऊक नाही, बाबा," ती शांतपणे म्हणाली. दोन महिन्यांनी कारण सापडले : तारेचा डाख दिलेला सांधा थंडीने आकसून सुटत होता. वहीतील एकही चुकीचा आकडा तिने खोडला नव्हता. प्रत्येकापुढे तारीख होती.

मित्रहो, तीस वर्षांच्या नोकरीत 'ठाऊक नाही' असा शेरा मी एकाही फायलीवर मारलेला नाही. तो निर्भयपणे लिहून पुढे शोध घेणे, हे शिक्षण तिला विशीच्या आत-बाहेर मिळाले. नोकरीची हमी आजही मी देऊ शकत नाही; पण अट मी मागे घेतली आहे.

रामन यांच्यासारख्या थोर पुरुषाला आपले मत बदलावयास एक वर्ष लागले. मला चार लागली. आपल्या घरी असा प्रश्न आला, तर आपण इतका वेळ लावू नये, एवढीच विनंती.