अठराव्या वर्षानंतर काय?



माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. बुद्धीची वाढ मात्र मंद. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली नाशिकात प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, ते अशाच मुलांसाठी. अशा शाळांत एकेक काम लहान लहान पायऱ्या पाडून शिकवतात. शर्टाची गुंडी लावायला माझ्या मुलाला चार महिने लागले; ती लागली त्या दिवशी मी रडले.

२०१६ च्या कायद्याने अशा मुलांना मोफत शिक्षण मिळते, पण अठराव्या वर्षापर्यंतच. पुढे काय, ही काळजी मला झोपू देत नाही. म्हणून ओझरच्या माझ्या शेजारणींना एकच विनंती. ‘बिचारा’ म्हणू नका. त्याला नावाने हाक मारा, दुकानातून मीठ आणायला सांगा, उरलेले पैसे त्याच्याकडून मोजून घ्या. शाळेत शिकलेले गल्लीत टिकले पाहिजे.